दोरीची लारी

पाच टनी लारी किती लांब असते ते मी आजही डोळे मिटून, पावलं टाकून दाखवीन. कारण ऐन पंचविशीत, लग्न ठरायच्या बेतात असताना, मी एका पाच टनी लारीचं डावं मागचं चाक होतो. खोटं वाटत असेल तर आमच्या मंडळींना विचारा. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते चाक म्हणूनच, आणि ही गोष्ट त्या अजून चारचौघांत सांगतात.

हे सगळं ज्यांच्यामुळं झालं त्यांना अख्खं जालना मुन्शीजी म्हणायचं. आमच्या जिनिंग फॅक्टरीच्या गाडीखान्याचे ते मुन्शी. चौदा बैलगाड्या, अठ्ठावीस बैल, चौदा गाडीवान, आणि अंबड-वडीगोद्रीकडून येणारा सगळा कापूस त्यांच्या हाताखालून जायचा. पोलीस ॲक्शन होऊन पाच-सात वर्षं झाली होती. दफ्तरातली उर्दू गेली, शाळेतली गेली, पण मुन्शीजींच्या तोंडातली काही गेली नव्हती. माझ्यासारख्या हंगामी कारकुनालाही ते ‘बर्खुरदार’, म्हणजे बेटा, म्हणायचे. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, ती वैशाखातसुद्धा, आणि उजव्या पायात जोडा, डावा जोडा हातात.

हो, हातात. रस्त्यानं चालताना ते एक पाय कायम उघडा ठेवायचे. नवा माणूस समजायचा की जोड्याचा अंगठा तुटला. तसं काही नव्हतं. चाकाला रस्ता कसा लागतो ते जोडा घालून कळत नाही, म्हणून डावा पाय चाकाचा आणि उजवा पाय मुन्शीचा, अशी त्यांनी वाटणी केलेली होती. मुरूम कुठं संपतो, काळी माती कुठं सुरू होते, कुठल्या ओढ्याच्या कडेला महिनाभर ओल राहते, ते सगळं त्या डाव्या पायाला पाठ होतं. घरी त्यांची बायको डाव्या पायाला वेगळा तांब्या द्यायची, असं गाडीवान म्हणायचे. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण मी तरी विश्वास ठेवला.

त्या वर्षांत जालन्यात लारीचं वेड आलं होतं. लढाईतल्या जुन्या लष्करी गाड्या मिळायच्या, नव्याही येऊ लागल्या होत्या. आणि चार पैसे गाठीला लागलेला माणूस लारी घेण्याआधी दोन ठिकाणी जायचा, जोशाकडे मुहूर्ताला आणि मुन्शीजींकडे अकलेला. आता ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही, जो कधी मोटारीत बसला नाही, त्याला लारीतलं काय कळतं, असं मला वाटायचं. एकदा मी तसं तोंडावर विचारलंही. ते म्हणाले, आत बसलो की मला गाडी आवडंल, अन् मंग खरं बोलणं जमायचं न्हाई.

त्यांचं ऐकलं नाही तर काय होतं याचा नमुना गावाबाहेरच उभा होता. एका तेलगिरणीवाल्यानं त्यांचा सल्ला धुडकावून भली थोरली लष्करी लारी आणली आणि ज्येष्ठात ती ढेप भरून खेड्यात पाठवली. काळ्या रानात ती जी बसली ती दसऱ्यापर्यंत उठली नाही. तेवढ्या काळात तिच्याखाली दोन शेळ्यांची बाळंतपणं झाली. मुन्शीजी येता-जाता थांबून शेळ्यांची चौकशी करायचे, लारीचा विषय काढायचे नाहीत.

राजूरकडचा एक पाटील आला होता तेही सांगतो. त्याला लारी पाहिजे होती कारण त्याच्या साडूनं घेतली होती. अर्थात असं कोणी बोलून दाखवत नाही. तो म्हणाला, चतुर्थीला गणपतीला माणसं लोटतात, ती वाहीन. मुन्शीजींनी विचारलं, चतुर्थी झाल्यावर? तो म्हणाला, ज्वारी वाहीन. ज्वारी संपल्यावर? कडबा. कडबा कुणासाठी? तर घरच्या म्हशींसाठी. म्हशी किती? म्हणे दोन. मुन्शीजी म्हणाले, मंग अजून चार म्हशीच घे. पाटील रागानं उठून गेला. पुढच्या वर्षी तोच माणूस खव्याचा मोठा डबा घेऊन आला. साडूची लारी तोवर विकली गेली होती.

या धंद्यापायी मुन्शीजींना एक खोड जडली होती. ते माणसंही लारीच्या हिशोबात बघायचे. दीड टनी, तीन टनी, पाच टनी, एवढ्या तीनच जाती. शाळेचे हेडमास्तर पाच टनी, पण रिकामे. डाकवाला दीड टनी, पण चढाला कुरकुरत नाही. आमचे शेठजी तीन टनी, मात्र पाच टनाचा माल भरणारे. मला त्यांनी कुठल्या जातीत घातलं ते कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, तुझी अजून बॉडी बांधून व्हायची आहे.

तर अशा माणसापुढं एके दिवशी आमच्या शेठजींनीच लारीचा सवाल टाकला. त्यांचा भाचा मुंबईहून गुळगुळीत कागदाचं चित्रांचं पुस्तक घेऊन आला होता आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या लारीवर बोट ठेवून बसला होता. पाच टनीच पायजे, त्याशिवाय फॅक्टरीला इज्जत न्हाई, असं त्याचं म्हणणं. शेठजींचा जीव भाच्यावर, पण भरवसा मुन्शीजींवर. ते म्हणाले, हलकी, मधली का जड ते मुन्शीजी सांगतील, मी दस्तखत करीन.

आता यात माझं काय अडलं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. अंबडच्या कोर्टात हाकिमापुढं कागद ठेवणारे एक पेशकार होते. त्यांच्या मुलीसाठी माझं नाव निघालं होतं. मुलगी मी पाहिली नव्हती, पण तिच्या मावशीनं इतकं वर्णन केलं होतं की पाहिल्यातच जमा. घोडं एका जागी अडलं. मी हंगामी. पेशकारांनी निरोप धाडला की मुलगा कायम झाला तर बोलू, नाहीतर पाडव्यानंतर आम्ही दुसरीकडं बघतो. मी शेठजींच्या पाया पडलो. शेठजी म्हणाले, लारी आली की तुला कायम करतो. कुठल्या जागेवर ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं लारीबरोबर एक नवं टेबल येत असेल. हा शब्द अंबडला पोचला, तसा पेशकारांचा दुसरा निरोप आला की लारी पाच टनीच असावी, कारण त्यांच्या भावकीतला एक जावई तीन टनी लारीच्या हपिसात होता.

म्हणजे मला लारी पाहिजे होती, जल्दी पाहिजे होती आणि मोठी पाहिजे होती. आणि सगळं होतं मुन्शीजींच्या हातात.

मुन्शीजींनी काय करावं? दुसऱ्या दिवशी चुन्याची फक्की आणून फॅक्टरीच्या अंगणात तीन लाऱ्या आखल्या. पुऱ्या मापाच्या. बॉनेट, ड्रायव्हरची जागा, मागची बॉडी, सगळं. आणि फर्मान काढलं की आजपासून या लाऱ्या इथं उभ्या आहेत. कुणी त्यांच्यातून जायचं नाही, वळसा घालून जायचं. पहिले दोन दिवस आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी मी चुकून पाच टनीच्या इंजनातून चाललो तर हमालच माझ्यावर ओरडले. मग त्या चौकोनांत कापूस भरून बघायचं निघालं. बाजूला बांबू रोवले, तट्टे लावले, माल ओतला, काढून तोलला, पुन्हा ओतला. कापूस हा मुन्शीजींच्या शब्दांत तोलाला गरीब आणि जागेला नवाब. पाच टनीचा चौकोन शिगोशीग भरला तरी दोन-सव्वादोन टनाच्या पुढं काटा जाईना. तीन टनीला उंच फळ्या लावल्या तर जवळजवळ तेवढाच माल तिच्यात मावला. दीड टनीत उंच भरला तर वळणावर कलंडायची भीती, बेतानं भरला तर खेपाच खेपा.

हे सगळं आठ दिवसांत दिसलं होतं. पण मुन्शीजी बोलेनात. पौष सरला, माघ लागला. अंगणातल्या लाऱ्या दर सोमवारी नव्या चुन्यानं आखल्या जात. भाचा चिडून मुंबईला जाऊन परत आला. मी तर रात्रंदिवस पाडव्याचे दिवस मोजत होतो. शेवटी एकदा धीर करून म्हणालो, मुन्शीजी, कुठलीतरी एक सांगून टाका ना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, “अंगणात सगळ्याच चालतात, बर्खुरदार. रस्ता अजून कुठं विचारलाय आपण?”

आणि रस्त्याला विचारायला आम्ही निघालो. त्यांनी तीन दोऱ्या काढल्या. पाच टनीची जाड सोल, तीन टनीचा सुंभ, दीड टनीची सुतळी. प्रत्येकीला लारीच्या चार कोपऱ्यांवर गाठी मारलेल्या. चार माणसांनी चार गाठी धरायच्या, दोरी ताठ ठेवायची आणि चालायचं, की झाली लारी. दोघं हमाल पुढची चाकं. उजवं मागचं चाक म्हणून एक थोराड गाडीवान. डाव्या मागच्या चाकाला माणूस मिळेना, तेव्हा मुन्शीजी म्हणाले, यात ज्याला सगळ्यात घाई आहे त्यानं धरावं.

जालना ते अंबड आठ-नऊ कोस. पहाटे निघालो. नियम एकच, पण मोठा सक्त. पुढच्या दोघांनी वळवायचं, मागच्या दोघांनी नुसतं मागं यायचं, आडवं पाऊल टाकायचं नाही, कारण लारीची मागची चाकं आडवी चालत नाहीत. समोरून बैलगाडी आली की मुन्शीजी एक पाय उघडा, एक पाय जोड्यात असे पुढं होऊन, लारी येऊन राह्यली, बाजूला व्हा, असं सांगायचे, आणि लोक बाजूला व्हायचे. जकातीच्या चुंगी नाक्यावरच्या शिपायानं आम्हाला अडवलं आणि चौकशी केली की हे काय आहे. मुन्शीजी म्हणाले, पाच टनी, रिकामी. शिपायानं आमच्या चौघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघितलं, खांदे उडवले आणि फाटक उघडलं. दुधना नदीच्या उतारावर त्यांनी आम्हाला ब्रेक लावायला सांगितलं. आम्ही लावला. एवढं चालल्यावर माणूस काहीही करतो.

मला मात्र हसू येत नव्हतं. पायाला फोड आले होते, तोंडावर धुरळ्याचा थर बसला होता, आणि मोंढ्याकडं, म्हणजे कापसाच्या बाजाराकडं, जाणारी एकच गल्ली कुणाच्या दारावरून जाते ते मला ठाऊक होतं. पेशकारांच्या. मी मनात म्हणत होतो, देवा, पेशकार आज कोर्टात असू देत. देवानं ऐकलं नाही. त्या दिवशी कोर्टाला सुटी होती.

त्यांच्या घराशी गल्ली डावीकडं काटकोनात वळते आणि वळणावरच त्यांचा ओटा. पेशकार ओट्यावर बसून पान लावत होते. पुढची चाकं वळली. मागून उजवं चाक आलं. आणि मी, आडवं पाऊल न टाकता सरळ मागं मागं येत, पहिली पायरी चढलो, दुसरी चढलो आणि पानाच्या डब्याशेजारी ओट्यावर उभा राहिलो. हातात सोल. पेशकारांनी वर पाहिलं. जालन्यात माझ्या मामांच्या घरी त्यांनी मला एकदा पाहिलं होतं, नव्या कोटात. ओळखायला त्यांना जरा वेळ लागला आणि तेवढा वेळ मला वर्षासारखा गेला.

मुन्शीजी पुढं झाले. अदब राखून सलाम केला आणि सांगितलं की पाच टनी लारी या वळणानं मोंढ्यात जायची असेल तर साहेबांचा ओटा दीड हात तोडावा लागंल. जागा मी उभा होतो तीच. पेशकारांचा विडा तसाच हातात राहिला. शेजारपाजारचे लोक जमू लागले होते. पेशकारांचा सगळा राग माझ्याकडं वळला. ते दबक्या आवाजात मला म्हणाले, ती दोरी टाका आणि गुपचूप आत या, लोक बघतायत. मी मुन्शीजींकडं पाहिलं. मुन्शीजी आभाळाकडं बघत होते.

आत गेलो तर कदाचित सोयरीक वाचली असती. पण एवढ्या कोसांत दोरी एकदाही ढिली पडली नव्हती. मला कसं कुणास ठाऊक, ते जमेना. मी म्हणालो, “वळण पुरं होऊ द्या, मंग येतो.”

दाराच्या आत कुणीतरी फिसकन हसलं. त्याच आमच्या मंडळी.

पेशकारांचा चेहरा पडला होता, पण ओटा त्यांच्या आजोबांनी बांधलेला. त्यांनी हळूच विचारलं की याहून बारीक लारी मिळत नाही का. मुन्शीजी याचीच वाट पाहत होते जणू. सुंभ काढला, आम्ही चौघं मागं गेलो आणि तीन टनी लारी त्या वळणातून आणली. ओट्याला चार बोटं राखून मी गेलो. पेशकार स्वतः खाली उतरून, वाकून बघत होते, जागा राहिली का ते. राहिली म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांना भावकीतला जावई आठवला. तीन टनी जरा हलकी पडत नाही का, असं ते पुटपुटले. मुन्शीजी म्हणाले, “पाच टनीत निम्मी हवा येती, पेशकारसाहेब. हवेचा कारकून जावई पायजे का तुम्हाला?”

लोक हसले. पेशकारही हसले, नाइलाजानं. आतून पाण्याचे तांबे आले. आणणारीनं आधी दोघा हमालांना दिलं, मग गाडीवानाला, आणि शेवटी मला. मुन्शीजींनी ते बघितलं आणि परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले की घरचा समजून तुला शेवटी दिलं, तिथं पक्कं कर.

फाल्गुनाच्या तोंडाशी तीन टनी लारी आली. नुसती चासी आली. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून ती घेऊन आला आणि आमच्याच सुतारानं तिच्यावर उंच फळ्यांची बॉडी बांधली. मुन्शीजींनी सांगितल्याच्या एक बोटभरही इकडं-तिकडं नाही. पहिल्याच हप्त्यात तिनं अंबडच्या रोज दोन खेपा केल्या. चौदा गाड्यांना आठवडा लागायचा तेवढा माल तीन दिवसांत आला. भाचासुद्धा गप्प झाला. मी तर हवेत होतो. पाडव्याला चार दिवस असताना शेठजींनी मला बोलावून कायमचं पत्र हातात दिलं. मी ते तिथंच वाचलं. त्यात लिहिलं होतं की गाडीखाना मोडल्यामुळं मुन्शीजींना पहिल्या तारखेपासून रजा देण्यात येत आहे आणि त्यांच्या जागेवर मला नेमण्यात येत आहे.

मी ते पुन्हा एकदा वाचलं. नवं टेबल वगैरे काही येणार नव्हतं. टेबल एकच होतं.

मी गाडीखान्यात गेलो. गोठे निम्मे रिकामे झाले होते. बैल विकायला काढले होते, गाडीवानांपैकी तिघाचौघांना लारीवर आणि गठाणी बांधायच्या प्रेसमध्ये घेतलं होतं, बाकीचे गावाकडं निघाले होते. मुन्शीजी चाव्यांना चिठ्ठ्या बांधत बसले होते. पत्र मी दाखवलं नाही, त्यांना ठाऊकच होतं. मी विचारलं की दीड टनी घेतली असती तर काय झालं असतं.

“सात गाड्या ठेवाव्या लागल्या असत्या,” ते म्हणाले. “सात गाडीवान राह्यले असते. अन् मी बी.”

“तुम्ही दीड टनी म्हणाला असता तर शेठजींनी ऐकलं असतं, मुन्शीजी.”

“ऐकलं असतं की. म्हणून तर म्हणालो न्हाई.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पौष-माघात दर सोमवारी नवा चुना का पडत होता, हे मला त्या क्षणी कळलं. अंगणानं आठ दिवसांत सांगितलं होतं ते त्यांनाही दिसलं होतं. फक्त ते तोंडातून काढायला त्यांना दोन महिने लागले होते, आणि त्या दोन महिन्यांत मी त्यांच्या पाठीमागं जल्दी करा, जल्दी करा म्हणून लागलो होतो. मी म्हणालो की मी ही जागा घेणार नाही, पेशकारांना काय सांगायचं ते सांगतो.

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं एवढं एकदाच पाहिलं. म्हणाले, “तू न्हाई घेतली तर भाच्याला देतील. अन् दोन वर्षांत तो पाच टनी आणून उभी करील. मंग माझं चाललेलं सगळं पाण्यात गेलं म्हण.”

त्यांनी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. तेवढ्यात अंबडची लारी आत आली, फळ्यांच्या वर कापूस फुगलेला. ड्रायव्हर पावतीसाठी दारात येऊन उभा राहिला. मुन्शीजी मला म्हणाले, लिही, लोक खोळंबलेत. चाव्या टेबलावर ठेवून ते दुसऱ्या दारानं बाहेर पडले. मी माल लिहिला, वजन लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. खाली सहीच्या जागेवर छापलेलं होतं, ‘मुन्शी, गाडीखाना’. तिथं मी सही केली. पुढं त्या जागेवर मी बत्तीस वर्षं काढली आणि हजारो पावत्यांवर सह्या केल्या. पण इतक्या वाईट अक्षरात पुन्हा एकही केली नाही.